पैनगंगेच्या पुलावर

नांदेडचा गुरुद्वारा, तिथलं लंगर, गोदेचा घाट यांवर भरपूर लिहिलं गेलंय, ते सगळं सोडून देतो. मला सांगायचंय ते हदगावकडून उमरखेडला जाताना लागणाऱ्या पैनगंगेच्या पुलाबद्दल. मराठवाडा इथे संपतो, विदर्भ सुरू होतो. एसटीतल्या कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

शेजारच्या आजींनी मात्र खिडकीकडे बोट केलं. "हितूनच उतरलो होतो आम्ही. अलीकडं मोगलाई, पलीकडं इंग्रजी. मी परकरी पोर होते. रझाकाराच्या भेवानं आईनं डोईवर ज्वारीचं गठुडं घेतलं अन् रातोरात निघालो. पाणी गुडघ्याएवढं होतं."

देश स्वतंत्र झाला होता, तरी आजींच्या बोलण्यात पलीकडचा मुलूख अजून 'इंग्रजी'च होता. तेव्हा ही नदी म्हणजे दोन सत्तांमधली सरहद्द होती: अलीकडे हैदराबादच्या निजामाचं संस्थान, म्हणजे आजींची 'मोगलाई', आणि त्याच्या बाजूनं लढणारे सशस्त्र रझाकार; पलीकडे भारत. निजामाकडे राज्याला लागतं ते सगळं होतं: स्वतःचं 'हाली' नाणं, टपाल, रेल्वे, फौज आणि सीमेवर जकात घेणारे करोडगिरी नाके. नव्हता तो समुद्रकिनारा, चारही बाजूंनी भारतच. आणि नव्हतं राष्ट्र. तेलुगू, मराठी, कानडी बोलणाऱ्या रयतेला 'हे आपलं' असं कधी वाटू दिलंच नाही, तर ते वाटणार कुठून? म्हणूनच निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांनी उमरखेडसारख्या सीमेपलीकडच्या गावांत तळ ठोकले आणि तिथून येऊन नाके जाळले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. शाळेत हे चार ओळींत उरकलं होतं, याचा मला खरंच राग येतो. आजींच्या आईचं गठुडं त्या चार ओळींत मावत नाही.

उमरखेडला आजी उतरल्या. "घरी चला, भाकर खाऊन जा," म्हणाल्या. परतीची गाडी चुकेल म्हणून गेलो नाही, त्याची हळहळ अजून आहे.

मग तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरला गेलो. रस्त्यानं कंबर मोडली, पण बाजारात मराठी आणि तेलुगू एकाच वाक्यात ऐकली आणि शीण विसरलो. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही महसुली मंडळं कापून आंध्रात गेली. रेघ तालुक्याच्या पोटातून ओढली गेली. एका कापडवाल्याची थोरली बहीण बिचकुंद्याला दिलेली आहे. तिच्या सासरच्या घरानं हैदराबाद संस्थान पाहिलं, मग हैदराबाद राज्य, मग आंध्र प्रदेश, आणि २०१४ पासून तेलंगणा. घर जागचं हललं नाही. तिची नातवंडं मात्र तेलुगू शाळेत जातात आणि त्यांना या मामाआजोबाला मराठीत पत्र लिहिता येत नाही, म्हणून तो फोनच करतो.