लाब्लाश आणि आमच्या गायनाच्या बाई

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं पत्र आलं आणि आठवल्या त्या फक्त गायनाच्या बाई. शिस्तीबद्दल, निकालांबद्दल इतर लिहितीलच.

आठवीत माझा आवाज फुटला. प्रार्थनेत वरच्या सुरांवर गळा चिरकायचा, मुलं फिदीफिदी हसायची. मी तासाला दांड्या मारू लागलो. बाईंनी एकदा जिन्याखाली गाठलं, पेटीच्या खोलीत नेलं आणि लुइजी लाब्लाश या जुन्या इटालियन गवयाची गोष्ट सांगितली. बाई मडगावच्या, चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकलेल्या. इटालियन गवयांची नावं त्यांच्या तोंडी आपल्या घराण्यांइतकीच सहज यायची.

लाब्लाश 1794 साली नेपल्सला जन्मला. वडील फ्रेंच, आई आयरिश. लहानपणी बारीक आवाजात गायचा. तो आवाज फुटला आणि त्यातून असा खर्ज निघाला की व्हिएन्ना, पॅरिस, लंडन, सगळीकडे त्याला मागणी. 1827 मध्ये थोर संगीतकार बेटोफन गेला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ व्हिएन्नात मोत्सार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, झालं, त्यात लाब्लाश गायला. संगीतकार शूबर्टनं त्याला तीन इटालियन गाणी अर्पण केली. 1835 साली पॅरिसात बेलिनीच्या ‘इ प्युरितानी’ या ऑपेराच्या पहिल्याच प्रयोगात तो होता. पुढच्या वर्षापासून लंडनमध्ये राजकन्या व्हिक्टोरियाला गाणं शिकवू लागला आणि ती राणी झाल्यावरही शिकवणी सुटली नाही.

“राणीच्या मास्तरांचाही आवाज फुटलाच होता ना रे?” बाई म्हणाल्या. मग माझी पट्टी काळी चारवरून थेट काळी एकवर आणली, भाता हलकेच दाबत मंद्रातला पंचम धरला. “इथं गा. वर बघायचंच नाही.” त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ईशस्तवनाचा खर्ज माझ्याकडे होता!

आज मी लंडनला असतो, एका हौशी गायकवृंदात बास, म्हणजे पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज, गातो. गेल्या वर्षी मोत्सार्टच्या त्याच रेक्विएममधला ‘तूबा मिरुम’चा एकल भाग मला मिळाला. आधी एकटा ट्रॉम्बोन वाजतो, मग एकटा बास उभा राहतो. तेवढ्या तीन ओळींसाठी बाई समोर हव्या होत्या. ते श्रेय सगळं त्यांचंच.

शाळेच्या वेळापत्रकात आता गायनाचा तास नाही, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. आवाज फुटलेली मुलं आता कोणाकडे जात असतील? नव्या पेटीचा खर्च मी आनंदानं देईन. संचालक मंडळानं आठवी-नववीला आठवड्यातून निदान एक तास परत द्यावा, ही कळकळीची विनंती.