टिळकवाडीतला क्रोसाँ

बेळगावात क्रोसाँ, म्हणजे लोण्याच्या पदरांचा फ्रेंच पाव, खायचा तर थंडीत जावं, आणि सकाळी जावं. स्टेशनवरून काँग्रेस रोड धरला की टिळकवाडी लागते. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर याच रस्त्यावर आहे. तिथून पुढे गल्लीत, एका घराच्या पुढच्या खोलीत हे दुकान आहे. पाटी फ्रेंच, काउंटरवर मराठी-कन्नड.

थंडीचा आग्रह लोण्यामुळे. मैद्याच्या पदरांत घालायचं लोणी लाटताना १३ ते १६ अंशांवर असावं लागतं. त्याहून गार असेल तर आतल्या आत त्याचे तुकडे पडतात, मऊ झालं तर ते मैद्यात जिरतं आणि पदर न सुटता गोडसर पाव तयार होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वयंपाकघरच पुरेसं गार असतं. एप्रिल-मे महिन्यांत तेच काम एसी लावून करावं लागतं, आणि मध्येच वीज गेली की ट्रेमध्ये लोण्याचं तळं!

इथलं माप ५०० ग्रॅम मैद्याचं. त्यात ५५ ग्रॅम साखर, १० ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि दूध-पाणी मिळून २७० मिली. हे मळून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी २५० ग्रॅम बिनमिठाच्या लोण्याची चौकोनी लादी आत गुंडाळायची, लाटून तिहेरी घडी घालायची. असं तीनदा, दर घडीनंतर अर्धा तास फ्रिज. लोण्याचे २७ थर होतात. चिरोट्याच्या साट्याशी याचं नातं आहे, पण साटा पदर नुसते वेगळे ठेवतो. इथे लोण्यातल्या पाण्याची भट्टीत वाफ होते आणि ती पदर वर उचलते. म्हणून तूप चालत नाही, त्यात पाणीच नसतं. घरचं लोणीही नको, त्यात ताक राहतं आणि पदर फाटतात.

त्रिकोण कापून गुंडाळले की २५-२६ अंशांवर दोनेक तास फुगवतात. घाईने उबेला ठेवले तर लोणी भट्टीत जायच्या आधीच पाझरतं. मग १९० अंशांवर १८ मिनिटं. ट्रे बाहेर आला की लगेच हात पुढे करू नये. काउंटरवरच्या काकू ठणकावतात, ‘दहा मिनिटं थांबा की ओ, गरम कापला तर आत चिकट लागतोय.’ बरोबर आहे त्यांचं.

मी आधी साधाच मागतो. चॉकलेटवाल्यात बरंच काही झाकलं जातं. आडवा कापल्यावर मोकळी, असमान जाळी दिसली पाहिजे. तळाशी दाट पांढरट पट्टा असेल तर नीट फुगला नव्हता किंवा कच्चा राहिला. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखं चिकटलं तर समजा, लोण्याऐवजी मार्गारिन, म्हणजे वनस्पती तेलाचं नकली लोणी. लोणी तोंडाच्या उबेला विरघळतं, ते तितकं विरघळत नाही. (क्रोसाँचं मूळ घराणं व्हिएन्नाचं, पॅरिसला तो १८३० च्या दशकाच्या अखेरीस पोचला. पण लोण्याचे असे पदर फ्रेंचांचे.)

पावसाळ्यात मॅकरॉनच्या, म्हणजे बदामाच्या पिठाच्या फ्रेंच बिस्किटांच्या, वाटेला जाऊ नका. भट्टीत घालण्याआधी त्यांच्या पृष्ठभागावर कोरडी साय धरावी लागते. बेळगावच्या जूनच्या दमट हवेत ती धरत नाही, मग वरचा भाग तडकतो. एक्लेअर (क्रीम भरलेला लांबट, पोकळ पेस्ट्रीचा प्रकार) घ्यायचाच तर समोर क्रीम भरून मागा. भरून ठेवलेला दोन-तीन तासांत मऊ पडतो.

घरी न्यायचं तर बेळगावची खव्याची मिठाई कुंदा टिकते, क्रोसाँ त्याच दिवशी संपवावा. कागदी पिशवीच घ्या, प्लास्टिकमध्ये कोल्हापूर यायच्या आत कवच नरम होतं. पुन्हा गरम करताना १६० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर. मायक्रोवेव्हमध्ये तो चिवट होतो.