अकरा किल्ल्या

ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात कोड्याच्या तुकड्यासारखे एक चिन्ह असते. परवा त्यावर सहज क्लिक केले, तर एकूण अकरा एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या सोयी, निघाली आणि त्यांतली चार आपण कशासाठी घेतली होती, हे काही केल्या आठवेना. एक होते संपूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घेणारे. ही सोय फायरफॉक्स ब्राउझरमध्ये राइट क्लिकवर कित्येक वर्षांपासून आहे, हे मला त्याच दिवशी कळले.

मी मुळात ऑपेरा या दुसऱ्या ब्राउझरच्या पंथातला. २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिचा कौतुकाचा विषय असा की ब्राउझर सुटसुटीत ठेवायचा आणि ज्याला जे हवे ते त्याने वरून जोडून घ्यायचे. ऑपेराचे नेमके उलटे होते. ईमेल, नोंदवही, माउसच्या खुणा, सारे भिंतीतल्या कोनाड्यांसारखे आधीपासूनच घरात. मात्र २०१३ मध्ये ऑपेराने पाने दाखवणारे स्वतःचे इंजिन सोडून गूगलच्या क्रोम ब्राउझरमागच्या क्रोमियमचा पाया स्वीकारला आणि नव्या घरात जुने बरेचसे कोनाडे राहिले नाहीत. सुरुवातीला तर बुकमार्क ठेवायचीही धड सोय नव्हती. एक्स्टेन्शनवाल्यांचेही फार निराळे झाले नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन एका रात्रीत निकामी झाली. पुढे क्रोमने आपले नियम बदलले, तेव्हा जाहिराती रोखणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनला तिथून बाहेर पडावे लागले. ब्रेव्हसारख्या ब्राउझरमध्ये हेच काम आतच होत असल्यामुळे त्याला या बदलाची झळ फारशी लागली नाही.

तेव्हा अंगची सोय की एक्स्टेन्शन, ही निवड टिकाऊपणावरून करण्यात अर्थ नाही. मला खरा फरक जाणवतो तो विश्वासाचा. पुष्कळ एक्स्टेन्शन घेताना आपण ज्या परवानगीवर डोळे झाकून ‘हो’ म्हणतो, तिचा अर्थ असा असतो की तुम्ही उघडाल त्या प्रत्येक संकेतस्थळावरील मजकूर ते वाचू शकेल आणि बदलूही शकेल. बँकेचे पान त्यातून सुटत नाही. शिवाय किल्ली ज्याला दिली तोच ती सांभाळेल याचीही खात्री नसते. न वापरलेले टॅब झोपवणारे, म्हणजे मेमरी वाचवण्यासाठी ते थांबवून ठेवणारे, ‘द ग्रेट सस्पेंडर’ लाखो लोक वापरत होते. २०२० मध्ये ते मूळ कर्त्याने दुसऱ्याच्या हवाली केले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक ठरवून बंद करावे लागले. गंमत म्हणजे टॅब झोपवण्याची ती सोय आज क्रोममध्ये अंगचीच आहे.

ब्राउझर बनवणारेही काही साधुसंत नाहीत, पण त्यांच्यावर विश्वास ठेवल्यावाचून गत्यंतरच नसते. म्हणून आता जे घरात आहे ते आधी वापरायचे आणि बाहेरचा माणूस अगदी नडल्यावरच बोलवायचा, असे ठरवून मी नऊ एक्स्टेन्शन काढून टाकली.

यूब्लॉक ओरिजिन ठेवायचे हे ठरलेलेच होते. उरले देवनागरी टंकनाचे. माझी प्रत्येक कळ ज्याच्या हातून जाते असे ते एकच, आणि त्याचीच सवय सर्वांत जुनी. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे टंकायचा, कळफलक आयता असतो, म्हणून शेवटी तेही काढले आणि हा लेख त्या कळफलकावर लिहायला घेतला. पहिल्याच वाक्यातला ‘कोपऱ्यात’ तीनदा खोडावा लागला.