डबा उघडण्याआधी पाच ओळी

शाळेची इमारत, दहावीचे निकाल, खो-खोचे संघ यांवर या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत पुष्कळ जण लिहितील. मला मराठीच्या बाईंनी लावलेल्या एका नेमाबद्दल लिहायचं आहे. माझा आजचा व्यवसाय त्यावर उभा आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. नान्ना, म्हणजे वडील, यंत्रमागावर, अम्मा विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू आणि कन्नड मिसळून, आणि मराठी शाळेच्या फाटकापासून पुढे. पाचवीत आल्यावरही आमच्यातल्या कितीतरी जणींना जोडाक्षरं धड लिहिता येत नव्हती. बाईंनी जादा तास घेतले नाहीत. मधल्या सुट्टीची घंटा झाली की डबा उघडण्याआधी वहीत पाच ओळी लिहायच्या, एवढंच सांगितलं. विषय आपला आपण निवडायचा. रात्री काय शिजलं, कारखान्यात वीज कधी गेली, नळाला पाणी किती वाजता आलं, काहीही चालायचं. बाई ते वाचून तारखेशेजारी सही करायच्या. लाल शाई कधी वापरली नाही. चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात बरोबर लिहिलेला दिसायचा, कुणाचंही नाव न घेता.

बाईंनी हा नेम डब्याला का बांधला, हे मला फार उशिरा उमगलं. भूक कुणी विसरत नाही. रोज होणाऱ्या, कधीही न चुकणाऱ्या गोष्टीच्या अगदी आधी आपलं छोटं काम ठेवलं, की ते लक्षात ठेवावं लागत नाही. शिवाय पाच ओळी इतक्या थोड्या, की कंटाळा यायच्या आत संपायच्या. पुढे कुणी आपणहून पानभर लिहू लागलं, तरी बाईंनी मागणी कधी वाढवली नाही.

त्याहून मोलाचं शिकवलं ते जानेवारीत. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा आली, नंदीध्वज निघाले, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली, की वर्ग अर्धा रिकामा व्हायचा आणि वह्या घरीच राहायच्या. परतल्यावर आम्ही धास्तावून विचारायचो, "बाई, राहिलेल्या सगळ्या ओळी लिहून काढायच्या का?" बाई म्हणायच्या, "गेलं ते गेलं. आज दोनच ओळी लिही, पण आज लिही." थकबाकी नाही, दंड नाही. म्हणून आमच्यातल्या कुणी ती वही कायमची टाकून दिली नाही. नान्नांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मागावर धागा तुटला तर आम्ही तेच करतो. माग थांबवायचा, गाठ मारायची, पुढे चालू. विणलेलं कापड कुणी उसवत नाही.

आज मी सोलापुरातच फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या कामात उपचार दवाखान्यात थोडा आणि रुग्णाच्या घरी जास्त होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. व्यायाम सोपा आहे, पण तो रोज व्हायला हवा, आणि तिथेच गाडी अडते. २१ दिवस केलं की सवय लागते, असं बरेच जण ऐकून येतात आणि बाविसाव्या दिवशी निराश होतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला होता. एखादी कृती आपसूक होऊ लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. पण माणसामाणसांत फरक केवढा! कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब आला. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, असंही त्यांना आढळलं. ते वाचताना मला बाईंचं "गेलं ते गेलं" ऐकू आलं.

म्हणून मी रुग्णांना घड्याळाची वेळ देत नाही. आपल्या गावात तर देऊच नये. काही दिवसांआड पाणी येतं, आणि ज्या सकाळी येतं त्या सकाळी घरातली बाई कळशी, पिंप आणि मोटारीच्या मागे असते. साडेसहाचा व्यायाम तिथेच बुडतो. त्याऐवजी मी विचारते, पाणी येवो न येवो, रोज काय होतंच? चहा होतो, देवापुढे दिवा लागतो, रात्री गाद्या घातल्या जातात. गादी घातली की झोपण्याआधी दहा वेळा गुडघा दाबायचा. विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास वाकून बसतात. मान, खांदे, कंबर सगळं धरतं. "तासातून एकदा उठा" हे त्यांच्या कानावरून जातं, कारण त्या तास मोजत नाहीत, कट्टे मोजतात. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. म्हणून चार कट्टे बांधून झाले की हात खाली ठेवून खांदे मागे फिरवायचे, मान सरळ करायची आणि मग पुढचं पान उचलायचं, असं सांगते. पहिल्यांदा हे मी अम्माकडून करून घेतलं. ती अजून करते. तिच्या शेजारी बसणाऱ्या बायकाही करतात.

आमच्या तुकडीतल्या मैत्रिणींनी या वर्षीपासून पाचवीच्या प्रत्येक मुलामुलीला एक वही द्यायचं ठरवलं आहे. जूनमध्ये वह्या शाळेत पोहोचतील. आताच्या शिक्षकांना मनापासून विनंती आहे, या वह्यांना गुण देऊ नका, स्पर्धा ठेवू नका. मूल आजारपणानंतर किंवा गड्ड्याहून परत आलं, तर मागचं मागू नका. सही मात्र रोज करा. आमच्यातल्या कितीतरी जणी तिची वाट पाहायच्या.