चार नंबरच्या प्लॉटमधली 214 रोपं

मी कांदळवनावर काम करते, म्हणजे वर्षातले बरेचसे दिवस चिखलात. पण हे लिहितेय ते एका दिवसाबद्दल, खरं तर एका दिवस-रात्रीबद्दल, चंपाषष्ठीच्या. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं कारण चूक माझी होती.

आधी थोडं सांगते, नाहीतर काही कळणार नाही. विजयदुर्गपासून कर्ली खाडीपर्यंत शिडाच्या बोटीने जायचं आणि वाटेतल्या प्रत्येक खाडीत थांबून कांदळवनाची मोजणी करायची असा आमचा प्लॅन होता. बोट लाकडी, 32 फुटी, इंजिन होतं पण फक्त अडचणीसाठी. बोटीवर मी, माझी एक विद्यार्थिनी, तांडेल (बोट चालवणारे) काका, त्यांचा पुतण्या, एक समुपदेशक दादा आणि सात मुलं. मुलं 15 ते 17 वयाची, सगळी बाल न्याय मंडळासमोर गेलेली. कायद्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं. 2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 18 आहे, त्यात मंडळ मुलाला समूह समुपदेशनात किंवा समाजसेवेत भाग घ्यायला सांगू शकतं, त्याच वाटेने ही मुलं आमच्याकडे आली, पालकांची संमती, परिवीक्षा अधिकाऱ्यांचं (प्रोबेशन ऑफिसरचं) पत्र सगळं घेऊन. पोरांना बोटीवर नेण्याची कल्पना आमची नाही, वेल्समध्ये ॲबरडोव्हीला कुर्ट हान आणि लॉरेन्स होल्ट यांनी 1941 मध्येच तरुण खलाशांसाठी शाळा काढली होती, ते आउटवर्ड बाउंड. दादांनी त्याबद्दल वाचलेलं, मला बोट आणि मोजायला हात हवे होते, असं जुळलं.

मुलांची ओळख कुठे उघड करायची नाही हाही कायदा, कलम 74, म्हणून डेटा शीटवरसुद्धा नावं नकोत असं आम्ही ठरवलं आणि पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाने खाडीतल्या एका झाडाचं नाव घेतलं. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, पोरांना मजा वाटली. चिप्पीवरून तर भांडण झालं कारण मी सांगून बसले की 2020 साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मान दिलाय. एक जण मात्र गप्प बसला होता. शेवटी विचारलं तर म्हणाला, काटे कुठल्याला असतात? मी म्हटलं मारांडीला, पानाच्या कडेला काटे असतात, फूल निळं-जांभळं. "मग तेच." फुलाचं त्याने ऐकलं की नाही माहीत नाही. तर तो मारांडी.

मारांडी घाटावरचा, समुद्र पहिल्यांदाच बघत होता. बोलायचा कमी पण हिशोबाला पक्का. तांडेल काकांनी पोरांना भरतीची वेळ काढायला शिकवली, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते आणि त्याच्यापुढे सहा तासांनी ओहोटी. बाकीची पोरं बोटं मोजत बसायची, हा तोंडी सांगायचा. चंपाषष्ठीला सकाळी काकांनी विचारायच्या आत म्हणाला, "षष्ठी, म्हणजे साडेचारला भरती झाली, साडेदहाला पूर्ण ओहोटी." आणि मग जरा थांबून, "आज आमच्यात खंडोबाचं नवरात्र उठतं. भरीत-भाकरी असते." पाच दिवसांत घराबद्दल तो पहिल्यांदाच काही बोलला. मी ऐकलं, छान म्हटलं, आणि प्लॉटच्या दोऱ्या मोजत राहिले. आज लिहिताना ते टोचतंय.

आम्ही कालावल खाडीत होतो, गड नदी जिथे समुद्राला मिळते ती. एका बाजूला तळाशीलची वाळूची लांब पट्टी, आत कांदळवनाने भरलेली बेटं, फार सुंदर जागा आहे. काम असं की 10 बाय 10 मीटरचा चौकोन दोरीने आखायचा, आतल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीला मोजायचा, कांदळ असेल तर आधारमुळं संपतात त्याच्या वर, आणि एका कोपऱ्यात 2 बाय 2 चा छोटा चौकोन करून त्यातली रोपं मोजायची. रोपं महत्त्वाची. झाडं किती आहेत ते सॅटेलाइटवरून कळतं, वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात महाराष्ट्रात 324 चौरस किलोमीटर कांदळवन दाखवलंय, पण त्या झाडांखाली नवीन रोपं येतायत की नाही हे वरून दिसत नाही. त्यासाठी चिखलात गुडघे टेकावे लागतात, सडक्या अंड्यासारखा वास घ्यावा लागतो आणि कालवांच्या शिंपल्यांच्या कडांनी हात कापून घ्यावे लागतात.

तर साडेअकराच्या सुमारास पाणी भरायला लागलं, आम्ही घाईघाईत होडीत बसून बोटीवर आलो आणि मी शीट गोळा करायला लागले. प्लॉट एक, रोपं 14. दोन, 22. तीन, 9. पाच, 17. आणि चार नंबर, मारांडीचा: 214.

मी शीट बघून तिथेच म्हणाले, सगळ्यांसमोर, "हे काय आहे? खरं सांग, अंदाजे ठोकलंस ना?"

आवाज चढलेला नव्हता. उलट हसून म्हणाले, जसं विद्यार्थ्यांना म्हणते तसं. पण दोन पोरं फिदीफिदी हसली, आणि एक जण म्हणाला की हा तसलाच आहे. मारांडी काहीच बोलला नाही. उलट उत्तर नाही, शिवी नाही, आपण मोजलेत हेसुद्धा नाही. हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन पाठ करून बसला. जेवायला आला नाही. चारला चहाला आला नाही.

दादा संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसले. त्याच्या केसमधलं ते मला काही सांगू शकत नाहीत आणि मी विचारतही नाही, तो नियम आहे. फक्त एवढंच म्हणाले, "मॅडम, 'खरं सांग' हे वाक्य त्याने खूप जणांकडून ऐकलंय. आणि खरं सांगितल्यावर काय होतं तेपण त्याने बघितलंय."

मी परत शीट काढलं. सकाळी मी फक्त आकडा बघितला होता, मागची बाजू उलटलीच नव्हती. मागे पेन्सिलीने उभ्या चार रेघा आणि पाचवी आडवी, असे गठ्ठे. ओळीने सात सात, सहा ओळी, बेचाळीस गठ्ठे आणि शेवटी सुट्या चार रेघा. मधेमधे चिखलाचे अंगठे उमटलेले, एका ठिकाणी पाण्याने रेघा पुसट झाल्या होत्या त्या परत गिरवलेल्या. कोपऱ्यात छोटासा चौकोन काढून त्याच्या चार पट्ट्या पाडल्या होत्या, म्हणजे चौकोनाचे भाग करून एकेक भाग मोजला होता. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. खोटा आकडा लिहायला कोणी एवढं करत नाही हो. बावीस वर्षांच्या मुलांचे शीट मी बघते दरवर्षी, मला कळायला हवं होतं.

पण नुसतं सॉरी म्हणून आकडा मान्य करावा असंही मला वाटेना. ते म्हणजे चॉकलेट दिल्यासारखं झालं असतं. बाजूला 9 आणि 17 असताना इथे 214 का, हे बघितल्याशिवाय तो आकडा माझ्या कामाचा नव्हता, आणि त्याचं काम मला खरोखर कामाचं म्हणूनच घ्यायचं होतं. अडचण अशी की आम्हाला पहाटे निघायचं होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, "पाच वाजता भरती, तेव्हाच खाडीच्या तोंडातसून भायर पडाक होया, मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारो) वारो पण तेव्हाच गावता. काय ता मोजूचा असात तर रातीक अकराची सुकती (ओहोटी). आणि बाय, तो झील (मुलगा) खोटा बोलणा नाय."

काकांना कसं कळलं मी विचारलं नाही.

मी मारांडीकडे गेले. म्हटलं रात्री अकराला मी चार नंबरला परत जातेय, तू येशील का. त्याने विचारलं, "चेक करायला?" मी म्हटलं हो, चेक करायला. सकाळी मी न बघताच बोलले, आता बघून बोलणार. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तुम्ही मोजा. मी बत्ती धरतो."

होडीत काका, दादा, तो आणि मी, लाइफ जॅकेट घालून, चिखलावर टाकायला दोन फळ्या घेतलेल्या. चंद्र मावळतीला टेकलेला, थंडी चांगलीच, आणि डास विचारू नका. बत्तीच्या उजेडात निवट्या, म्हणजे चिखलातले ते छोटे मासे, टुणटुण उडत बाजूला होत होत्या. चार नंबरला पोचलो आणि त्याने काही न बोलता बत्ती आधी वर धरली. वर फांद्याच नव्हत्या, मोकळं आकाश. मग बत्ती खाली आली. एक जुनी जाडजूड चिप्पी पडली होती, मुळासकट, आणि तिचं खोड चौकोनाच्या बाजूने बांधासारखं आडवं. सकाळी मी एक नंबरला होते, इकडे फिरकलेच नव्हते.

मला लगेच कळलं. तिवराचं बी झाडावर असतानाच आतल्या आत रुजलेलं असतं, पावसाळ्यात गळतं आणि पाण्यावर तरंगत जातं, साल सुटली की आतून दोन जाड हिरवी दलं उघडतात. भरतीबरोबर वाहत आलेलं ते सगळं बी या खोडाला अडलं, वरून ऊन मिळालं, आणि इथे तिवराचा गालिचा झाला, वीतभर उंचीची रोपं, पाय ठेवायला जागा नाही. आजूबाजूला दाट सावली, तिथे 9 आणि 17 च येणार.

मी गुडघ्यावर बसले आणि सुतळीने त्याच्यासारख्याच चार पट्ट्या पाडून मोजायला लागले. पहिल्यांदा 211 आले. परत मोजले, 216. तो म्हणाला, "खोडाच्या खाली दोन वाकडी आहेत, ती तुम्ही एकदा धरली, एकदा सोडली." वाकून बघितलं, होती. रात्रीच्या मोजणीत एवढा फरक पडतोच. मी शीटवर 214 तसाच ठेवला आणि खाली लिहिलं: पडलेली चिप्पी, मोकळं आकाश, रात्री फेरतपासणी केली, आकडा बरोबर. त्याला वाचायला दिलं. त्याने बत्ती जवळ घेऊन दोनदा वाचलं आणि शीट घडी न पाडता परत दिलं.

पहाटे पाचला शीड चढवायच्या आधी सगळी पोरं दोर धरून उभी होती तेव्हा मी बोलले. काल मी सगळ्यांसमोर मारांडीला खोटं पाडलं, आकडा बरोबर होता, चूक माझी, आणि या अख्ख्या फेरीतली सगळ्यात नीट मोजणी त्याची आहे. मला बोलताना धाप लागल्यासारखं झालं. कोणी हसलं नाही. तो म्हणाला, "बरं." एवढंच. आणि दोर ओढायला लागला कारण काका ओरडत होते.

मनात होतं की आता तो खुलेल, बोलेल, माझ्याशी दोस्ती होईल. तसं काही झालं नाही. त्या दिवशी पण तो माझ्यापासून लांबच बसला. मालवणजवळ कोळंब खाडीत शिरलो तरी जेवढ्यास तेवढं. काकांच्या पुतण्याशी मात्र कुर्ल्या कशा पकडायच्या यावर बराच वेळ बोलत होता.

कोळंबच्या दुसऱ्या प्लॉटवर मी माझा छोटा चौकोन मोजून उठले, शीटवर 31 लिहिलं आणि वळले तर तो मागे उभा. स्वतःचा प्लॉट संपवून आला होता. क्लिपबोर्डसाठी हात पुढे केला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा मी चेक करतो."

मी दिला. तो चिखलात बसला, चार पट्ट्या पाडल्या, एकेक रोप बोटाने बाजूला करत मोजत गेला, मागच्या बाजूला रेघा मारत. पाणी भरायला लागलं होतं, काका हाका मारत होते, मी थांबा म्हणून हात केला. त्याचे 33 आले. मग दोघांनी मिळून परत मोजले. 33 च होते.