ओसरीवरच खरा वेळ लागतो: भूतानच्या आठ दिवसांची रोजनिशी

निघण्याच्या आदल्या रात्री

भूतानच्या सहलीत पहिली चूक होते ती दिवसांच्या क्रमात. पारोला उतरल्या-उतरल्या दुसऱ्याच दिवशी कड्यावरच्या ताकत्सांग मठाचा डोंगर चढायला घेतात. डोकं दुखतं, दम लागतो, आणि पुढचे दोन दिवस गाडीत डोळे मिटून जातात. म्हणून ही आखणी उलटी आहे: पारो, थिंफू, पुनाखा, फोब्जिखा, परत पारो, आणि ताकत्सांग सगळ्यात शेवटी. तोवर अंगाला उंचीची सवय झालेली असते, आणि मठात शिरल्यावर भिंतीवर काय आहे हेही कळायला लागलेलं असतं.

कागदपत्रांत पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार कार्ड चालत नाही, आणि विमानतळावर अडकणाऱ्यांत आधारच्या भरवशावर आलेले बरेच असतात. मुलांचा जन्मदाखला मूळ प्रतीत आणि इंग्रजीत हवा. गावाकडचा जुना दाखला फक्त मराठीत असेल तर महिनाभर आधीच नवा काढून ठेवावा. भारतीयांना माणशी, रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, सहाखालच्यांना काहीच नाही. सात रात्रींचे मोठ्या माणसाचे ८,४०० रुपये झाले. मठ-मंदिरांचं प्रवेशशुल्क याहून वेगळं, ते सहलीच्या दरात धरलंय का हे आधी विचारून, लिहून घ्यावं. वाद होतो तो नेमका याच रकमेवरून.

भूतानचं चलन ङुल्त्रुम, किंमत रुपयाएवढीच. भारतीय नोटा चालतात, पण शंभराच्या जास्त ठेवलेल्या बऱ्या. परतताना उरलेले ङुल्त्रुम मुंबई-पुण्यात कुणी घेत नाही, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत हिशेब करत खर्चावेत. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे.

पहिला दिवस, पारो ते थिंफू

दिल्लीहून येताना डावीकडची खिडकी मागावी. आकाश मोकळं असेल तर एव्हरेस्ट आणि कांचनगंगा त्याच बाजूला दिसतात. पारोचा विमानतळ सव्वादोन हजार मीटरवर, अरुंद खोऱ्यात. वैमानिकाला डोंगर डोळ्यांनी दिसल्याशिवाय विमान उतरवता येत नाही, त्यामुळे इथे फक्त दिवसाउजेडीच विमानं येतात-जातात. ढग किंवा वारा आडवा आला की उशीर होतो. परतीच्या दिवशी दिल्लीहून लगेचचं पुढचं विमान धरणं म्हणूनच धोक्याचं.

बाहेर गाईड घो घालून उभा असतो. पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, कमरेला पट्ट्यानं आवळलेला पोशाख तो घो. बायकांची घोट्यापर्यंतची किरा, वर तेगो नावाचं जाकीट. झोंगमध्ये, म्हणजे किल्ल्यासारख्या मठात, शिरताना गाईड खांद्यावरून पांढरं उपरणं घेईल, त्याला कबने म्हणतात. रंगावरून पद ओळखू येतं: सामान्य माणसाचं पांढरं, लाल उपरणं दाशो किताब मिळालेल्यांचं, पिवळं फक्त राजा आणि मुख्य धर्मगुरू जे खेन्पो यांचं.

थिंफू तासा-दीड तासावर. आज एवढंच. भरपूर पाणी प्यायचं, दारू टाळायची, लवकर झोपायचं.

दुसरा दिवस, थिंफू

सकाळी मेमोरियल चोर्तेन. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या स्मरणार्थ १९७४ साली बांधलेला हा स्तूप. चोर्तेन म्हणजे स्तूपच, कार्ल्याच्या चैत्यगृहात असतो त्याचं हिमालयातलं रूप. म्हाताऱ्या आज्या-आजोबा हातात जपमाळ घेऊन सकाळपासून फेऱ्या घालत असतात. फेरी उजवीकडून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखीच. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. फक्त फोटोसाठी उलटं चालून मध्ये यायचं नाही, आणि प्रार्थनाचक्रंही घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच फिरवायची.

मग झोरिग चुसुमची शाळा. झोरिग चुसुम म्हणजे तेरा कला: चित्र, लाकूडकाम, मूर्ती, विणकाम, भरतकाम, ओतकाम वगैरे. चित्रकलेच्या वर्गात मुलं आधी कागदावर चौकटी आखतात आणि बुद्धाचं तोंड ठरलेल्या मापानं त्यांत बसवतात. नाक कुठे, कानाची पाळी किती लांब, सगळं ठरलेलं. हे पाहिल्यावर पुढच्या प्रत्येक मठातल्या भिंतीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. म्हणून ही शाळा सुरुवातीलाच. सुट्टीच्या दिवशी बंद असते, तेव्हा वार बघूनच आखणी करावी.

ताशिछो झोंग इथलाच, पण त्यात राजाचं आणि सरकारचं कार्यालय आहे. कामाच्या दिवशी पाहुण्यांना कचेरी सुटल्यावर, संध्याकाळी पाचनंतरच आत सोडतात. दुपारी दोनला येऊन दारावरून परत जाणारे रोज दिसतात.

जेवणात एमा दात्शी. एमा म्हणजे मिरची, दात्शी म्हणजे चीज. मिरची इथे मसाला नसून भाजी आहे. चार माणसांसाठी पाव किलो लांब हिरव्या मिरच्या उभ्या चिरायच्या, एक कांदा, एक टोमॅटो, चार-पाच लसूण पाकळ्या, थोडं लोणी आणि मिरच्या जेमतेम बुडतील एवढं पाणी घालून दहा मिनिटं उकळायचं. मग दीडशे-दोनशे ग्रॅम चीज वर टाकून झाकण ठेवायचं, दोन-तीन मिनिटांनी हलकेच एकदा ढवळायचं. घाईनं मोठ्या आचेवर ढवळलं की चीज फुटतं आणि वर चोथा, खाली पाणी असं होतं. ठेच्याची सवय असलेल्यांनाही पहिल्या दिवशी ते जड जातं. केवा दात्शी म्हणजे बटाट्याची, शामु दात्शी म्हणजे अळंब्यांची. शाकाहाऱ्यांचं या दोन्हींवर आणि तांबड्या भातावर छान निभतं.

तिसरा दिवस, दोचुला ओलांडून पुनाखा

सकाळी लवकर निघावं. दोचुला खिंड साधारण ३,१०० मीटरवर. ऊन चढलं की ढग चढतात आणि पलीकडची बर्फाची रांग झाकली जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती दिसण्याची शक्यता जास्त, पावसाळ्यात जवळजवळ नाहीच.

खिंडीतल्या १०८ चोर्तेनांसमोर बस थांबते, सगळे उतरून फोटो काढतात आणि चहाकडे वळतात. इथे दोन मिनिटं शांत उभं राहायला हवं. डिसेंबर २००३ मध्ये भारतातल्या उल्फा आणि इतर बंडखोर गटांचे तळ भूतानच्या जंगलातून हुसकावून लावताना जे भूतानी सैनिक मेले, त्यांच्या आठवणीसाठी हे स्तूप बांधले आहेत. भारतीय पाहुण्यानं हे ठाऊक असल्याशिवाय तिथून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

खिंडीनंतर रस्ता १,२०० मीटरपर्यंत उतरतो. वळणंच वळणं. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, खिंडीत पोचल्यावर घेऊन उपयोग नाही.

चौथा दिवस, पुनाखा झोंग

या सहलीतला सगळ्यात भरलेला दिवस.

झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि कचेरी एकाच भिंतीच्या आत. पुनाखाचा झोंग झाबद्रुङ ङवांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये बांधवला, फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर. छू म्हणजे पाणी, नदी. फो नर, मो मादी. विखुरलेली खोरी एकत्र आणून भूतानला एक देश म्हणून उभं केलं ते झाबद्रुङांनी. १६५१ साली ते इथेच वारले आणि त्यांचा मृत्यू सुमारे अर्धशतक लपवून ठेवला गेला. पहिले राजे उग्येन वांगचुक यांचा राज्याभिषेकही इथलाच, १७ डिसेंबर १९०७ चा. हिवाळ्यात जे खेन्पो आणि भिक्षुसंघ थंड थिंफू सोडून इथे मुक्कामाला येतात, म्हणून नोव्हेंबरनंतर अंगणं लाल चीवरांनी भरलेली दिसतात.

भिंती वर जाताना आत कललेल्या आहेत. वरच्या बाजूला जो तांबडा पट्टा फिरतो त्याला खेमार म्हणतात; तो दिसला की वास्तू पवित्र, हे लांबूनच कळतं. आत जायला उंच, उभा लाकडी जिना. शत्रू आला की तो वर ओढून घेता यावा म्हणून तसा. पहिल्या अंगणात मोठा बोधिवृक्ष आहे, आपला पिंपळ. थिंफूच्या थंडीत तो असा वाढला नसता.

आता ओसरी. बहुतेक पाहुणे इथून सरळ मुख्य मंदिरात, सोन्याच्या मूर्तींकडे धावतात. गाईडला थांबवा आणि निदान वीस मिनिटं ओसरीच्या भिंतीसमोर काढा, कारण मंदिराचं सगळं शिक्षण दाराबाहेरच लिहिलेलं असतं. दोन्ही बाजूंना चार दिशांचे राजे: पूर्वेचा धृतराष्ट्र पांढरा, हाती वीणेसारखं वाद्य, दक्षिणेचा विरूढक निळा, तलवार घेतलेला, पश्चिमेचा विरूपाक्ष तांबडा, हातात छोटा स्तूप, उत्तरेचा वैश्रवण पिवळा, हातात रत्नं ओकणारं मुंगूस. नावं आपल्याच संस्कृतातली, त्यामुळे लगेच लक्षात राहतात.

शेजारी भवचक्र. यमानं दातांत आणि नखांत धरलेलं चाक. मधोमध डुक्कर, साप, कोंबडा: मोह, द्वेष, आसक्ती. त्याभोवती सहा लोक, म्हणजे पुनर्जन्माची सहा जगं, कडेच्या पट्ट्यात प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे एकातून दुसरं उपजत जाणाऱ्या कारणसाखळीच्या, बारा कड्या. आंधळी म्हातारी म्हणजे अविद्या, कुंभार म्हणजे संस्कार, फांद्यांवरचं माकड म्हणजे विज्ञान (इथे अर्थ जाणीव). अशी चित्रं एकेक करून ओळखत जावं. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या ओसरीत डावीकडच्या भिंतीवर याच चक्राचा भंगलेला भाग आहे, पाचव्या शतकातला. तिथे निम्मं झडलेलं चित्र इथे पूर्ण, रंगासकट, रोजच्या वापरात दिसतं. अजिंठा पाहून आलेल्या माणसाला भूतानमध्ये मिळणारं हे सगळ्यात मोठं देणं आहे, आणि बहुतेक सहलींत त्याला पाच मिनिटंही मिळत नाहीत.

आत गेल्यावर टोपी काढायची, चपला-बूट बाहेर, पूर्ण बाह्या, लांब पँट, फोटो नाही, उंबऱ्यावर पाय नाही, मूर्तीकडे तळपाय करून बसायचं नाही. पुजारी तळहातावर केशरी पाणी ओततो. उजवा हात वर, डावा खाली धरून घ्यायचं, घोटभर प्यायचं, उरलेलं डोक्यावरून फिरवायचं. तीर्थ घेतो तसंच. मूर्तींचा ठरावीक संच बहुतेक ठिकाणी असा: मध्ये शाक्यमुनी बुद्ध, बाजूंना गुरू रिनपोछे (पद्मसंभव) आणि टोकदार दाढीचे झाबद्रुङ. दीक्षाभूमीच्या परंपरेतून येणाऱ्यांना हे वज्रयानी, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथाच्या, देवदेवतांचं जग सुरुवातीला परकं वाटतं. त्यांना मी वेरूळचं १२ वं लेणं आठवायला सांगेन. 'तीन ताल' म्हणतात त्या याच लेण्यातल्या बोधिसत्त्व आणि तारा घडत होत्या तेही आठवं शतक, आणि पद्मसंभव हिमालयात आले असं मानतात तेही आठवंच.

दुपारी शेतांतून वीस मिनिटं चालत चिमी ल्हाखांग. वाटेतल्या घरांच्या भिंतींवर पुरुषलिंगाची मोठी चित्रं आहेत. द्रुक्पा कुनले या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या मुक्त वृत्तीच्या साधूशी ती जोडलेली, दृष्ट लागू नये म्हणून काढलेली. मूल व्हावं म्हणून जोडपी या मंदिरात येतात. घरच्या मोठ्यांना आणि मुलांना आधी कल्पना द्यावी, म्हणजे तिथे उगाच हशा होत नाही. लोकांची श्रद्धा आहे.

पाचवा दिवस, फोब्जिखा

हिमनदीनं कोरलेलं रुंद, पाणथळ खोरं, जवळजवळ तीन हजार मीटरवर. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत इथे तिबेटमधून काळ्या मानेचे करकोचे येतात. तारांना अडकून ते मरू नयेत म्हणून खोऱ्यातली वीज जमिनीखालून नेली आहे. दलदलीत उतरायचं नाही, लांबून दुर्बिणीतून बघायचं. दरवर्षी ११ नोव्हेंबरला गांगते गोम्पाच्या (मठाच्या) अंगणात करकोच्यांचा उत्सव असतो.

रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. खोलीत बुखारी, म्हणजे लाकडं जाळायची शेगडी, असते. ती पेटती ठेवून खिडक्या घट्ट लावून झोपू नये.

सहावा दिवस, परत पारो

दिवसभर गाडी. रस्ता दुरुस्तीसाठी ठरावीक तास बंद असू शकतो, ड्रायव्हरला आदल्या रात्रीच विचारायला सांगावं. संध्याकाळी उजेड उरला तर क्यिछू ल्हाखांग: तिबेटचा राजा सोंगत्सेन गाम्पो यानं सातव्या शतकात एका राक्षसिणीला जमिनीला खिळवण्यासाठी १०८ मंदिरं बांधली, त्यातलं हे तिच्या डाव्या पायावरचं अशी कथा आहे.

वसंतात आलात आणि पारोचा त्शेछू, म्हणजे मठाचा वार्षिक उत्सव, चालू असेल तर शेवटच्या दिवशी पहाटे तीनला उठावं. रेशमी तुकड्यांचं प्रचंड थोंगद्रोल, म्हणजे भिंतभर धर्मचित्र, उजाडण्याआधी उलगडतात आणि ऊन त्यावर पडण्याआधी गुंडाळतात. सातला पोचलेल्याला रिकामी भिंत दिसते.

सातवा दिवस, ताकत्सांग

वाहनतळ सुमारे २,६०० मीटर, मठ ३,१२०. चढ आतकरवाडीहून सिंहगडाला लागतो साधारण तेवढा, पण हवा विरळ. सकाळी सातला चालायला लागावं. दुपारी एक ते दोन मंदिरं बंद असतात, आणि उशिरा निघालेले नेमके त्याच वेळी दारात पोचतात. घोडं फक्त निम्म्या वाटेपर्यंत, उपाहारगृहापाशी. उतरताना घोडं नाही. उपाहारगृहापासून समोरचा कडा दिसतो आणि आता आलंच असं वाटतं. पण शेवटी सातशे-आठशे पायऱ्या आहेत, आधी दरीत उतरून धबधब्याच्या पुलापर्यंत, मग वर. गुडघे तिथेच बोलतात, म्हणून काठी पायथ्यालाच भाड्यानं घ्यावी.

दारात पिशव्या, फोन, कॅमेरा ठेवून घेतात. वर अंगाला घाम आणि खाली गार फरशी, म्हणून कोरड्या मोज्यांचा एक जोड खिशात असू द्यावा. गुरू रिनपोछे वाघिणीवर बसून इथल्या गुहेत आले अशी श्रद्धा. मंदिर १६९२ मधलं. १९ एप्रिल १९९८ च्या आगीत मुख्य वास्तू जळाली, मग जुन्या पद्धतीनं पुन्हा उभी केली. प्रत्येक खोलीत पाच मिनिटं बसा. जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा.

आठवा दिवस, निघताना

विमान सकाळचं असतं. दिल्लीला परतताना खिडकी उजवीकडची.