फुकट पॅड, आणि कोणी काही विचारत नाही!

इथल्या कौन्सिलच्या लायब्ररीत लेडीज टॉयलेटमध्ये पॅडची टोपली ठेवलेली असते. उघडी. कुलूप नाही, रजिस्टर नाही, "किती घेतले ताई?" म्हणायला कोणी बसलेलं नाही. स्कॉटलंडमधल्या अबर्डीनला येऊन बरेच महिने झाले तरी ह्याचं अप्रूप काही जात नाहीये, म्हणून आज लिहितेच.

हा कुठल्या संस्थेचा दानधर्म नाही हां, कायदा आहे. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने नोव्हेंबर 2020 मध्ये एकमताने पास केला, लागू झाला 15 ऑगस्ट 2022 ला (तारीख बघा!), आणि जबाबदारी टाकली कौन्सिलवर, म्हणजे आपल्या नगरपालिका-झेडपीसारख्यांवर, की जिला लागतील तिला फुकट मिळालेच पाहिजेत. असा कायदा करणारा जगातला पहिला देश. त्याआधी 2017 मध्ये गरीब घरांतल्या बायकांसाठीचा पायलट प्रयोग ह्याच शहरात झाला होता.

देवगडच्या काकूला फोनवर सांगितलं. काकू एक टर्म सरपंच होती, त्यामुळे पहिली शंका प्रशासकीय. "फुकट म्हटल्यार लोक पिशवी भरान नेतले मां!" नेत असेल गं एखादी, पण तिच्यापायी बाकीच्यांना रांगेत उभं करायचं नाही हे ह्यांनी ठरवून टाकलंय, आणि मला पॅडपेक्षा ह्याचंच जास्त कौतुक. आपल्याकडे बाईला काहीही द्यायचं तर आधी फॉर्म, आधारची झेरॉक्स, पासबुक, मग केवायसी, मग सर्व्हर डाऊन, आणि शेवटी साहेबांच्या हस्ते वाटप. पॅडवाटपाचे सुद्धा फोटो! पोरींनी पाकीट छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघायचं, आणि घरी कावळा शिवला म्हणून तीच पोरगी पडवीत.

पण म्हणून लगेच "आपल्याकडे काहीच नाही" सुरू करू नका, मला राग येतो. झेडपी शाळेतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅडचं पाकीट देणारी अस्मिता योजना 2018 मध्ये आली होती, म्हणजे ह्यांच्या कायद्याच्या आधी. पंचायतीत बायकांना 50 टक्के आरक्षण 2011 पासून. इथे आरक्षणच नाही, 2022 च्या निवडणुकीनंतर सुद्धा कौन्सिलमध्ये बायका एक तृतीयांशाच्या आसपास. ऑफिसातल्या एकीला सांगितलं की आमच्याकडे निम्म्या जागा बायकांच्या, तर तिला खरंच वाटेना. सरपंचपती हा प्रकार मी तिला सांगितला नाही, कशाला सांगायचा?

आणि हे पण काही धुतल्या तांदळाचे नाहीत. कायदा लागू झाला त्याच महिन्यात टेसाइड भागात 'पीरियड डिग्निटी ऑफिसर' म्हणजे बायकांच्या पाळीच्या सोयी बघणारा अधिकारी म्हणून चक्क पुरुष नेमला, एवढा गदारोळ झाला की ती पोस्टच गुंडाळली. काकू हसून हसून बेजार. "आमच्याकडे तो सरपंचाच्या खुर्चेर बसता!" (तिने स्वतः काकांना पंचायतीची पायरी चढू दिली नव्हती, हे मुद्दाम लिहितेय, काका वाचतात.)

मग मी जोरात येऊन म्हटलं, ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करावेच लागतात ना, दरवर्षी शिलाई मशीन कसली वाटता, शाळेत पॅड ठेवा. काकू शांतपणे म्हणाली, "ठेवतलव. पण वापरलेले टाकूचे खंय, ता आधी सांग." वाडीवर घंटागाडी चढत नाही. पावसाळ्यात जाळायचं तर सगळं ओलं. जाळायचं मशीन बसवलं तर चार-चार दिवस लाईट नाही. इथे टॉयलेटमध्ये डबा असतो आणि तो न्यायला गाडी येते, त्यामुळे मला हे सुचलंच नसतं. देवगड, कुडाळ, गुहागर साइडला कुठल्या ग्रामपंचायतीने ह्याची नीट सोय केली असेल तर कळवा, पुढच्या महिला ग्रामसभेच्या आत काकूला हवंय.